भरलेल्या पिंपाची बेरीज

डहाणूत माझ्याविषयी दोन समज पक्के आहेत. पहिला, मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. दुसरा, मला ते फारसं जमत नाही. नोकरीची शेवटची वर्षं घरून काम करायचं म्हणून मी पुण्याहून आमच्या वाडीवर राहायला आले, तेव्हा ओळखीपाळखीतल्यांनी बंद पडलेले प्रिंटर आणले, हँग झालेले मोबाइल आणले, आणि एकाने तर चक्क मिक्सर आणून टेबलावर ठेवला. मी प्रत्येक वेळी हात वर केले. "मग एवढी वर्षं कंपनीत ही करत होती काय?" असं लोक माझ्या वहिनीला विचारायचे. वहिनी चिकू निवडता निवडता मान वर न करता सांगायची, "पगार चांगला होता हो, कामाचं काय घेऊन बसलात!"

तर काम सांगते. सोपं आहे, घाबरू नका. कॉम्प्युटरच्या पोटात चिप असते. तिला ना मराठी येत ना इंग्रजी. तिला तिचे ठरावीक हुकूम तेवढे कळतात: हा आकडा उचल, त्यात तो मिळव, तिकडे ठेव. प्रोग्राम लिहिणारी माणसं मात्र ऐसपैस भाषेत लिहितात. त्यांचं बोलणं चिपच्या भाषेत उतरवणारा जो मधला प्रोग्राम, तो कंपायलर. तलासरीच्या बाजारात बघा, एक जण मराठीत विचारतो, दुसरा गुजरातीत उत्तर देतो, तिसरा वारलीत भाव पाडून मागतो, आणि मध्ये बसलेली भाजीवाली तिघांनाही पुरून उरते. कंपायलर म्हणजे ती भाजीवाली. चिडते पण तश्शीच. एक अर्धविराम विसरलात तर सगळा माल परत करते.

आता चिपला काही खास कसबं येत असतात, पण ती सांगायला प्रोग्रामच्या भाषेत शब्दच नसतो. मग आम्ही कंपायलरवाले त्या भाषेत एक आयता शब्द घालून ठेवतो. तो शब्द दिसला की कंपायलरने फार विचार करायचा नाही, चिपचा तो एकच हुकूम लिहून मोकळं व्हायचं. याला म्हणतात बिल्ट-इन फंक्शन. मी जन्मभर हे आयते शब्द घडवत बसले होते. आकड्यात किती एक आहेत ते मोज, बाइट उलटेपालटे कर, इथला मजकूर तिथे हलव, असली चिल्लर कामं. पण तुमच्या फोनमध्ये, गाडीत, वॉशिंग मशीनमध्ये ही चिल्लर सेकंदाला लाखो वेळा चालते, त्यामुळे तिच्यात पायरी वाचली की आमच्या ऑफिसात केक कापायचे.

गिऱ्हाइकं आमची म्हणजे प्रोग्राम लिहिणारे इंजिनिअर. त्यांच्याइतकं हट्टी गिऱ्हाईक मी डहाणूच्या मासळीबाजारातही पाहिलं नाही. एक आयता शब्द होता, आकड्यातला पहिला एक येण्याआधी किती शून्यं आहेत ते सांगणारा. मी माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं की याला शून्य हा आकडा देऊ नये, कारण शून्यात एक कुठून येणार, आणि प्रत्येक चिप तिथे मनाला येईल ते उत्तर देते. एका गिऱ्हाइकाचा फोन आला.

"मॅडम, शून्य दिलं तर काय होतं?"

"देऊ नका असं लिहिलंय."

"ते वाचलं. पण दिलं तर?"

"देऊच नका ना!"

"मॅडम, आम्ही दिलंय. माल बाजारात गेलाय."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग तो शब्द शून्यालाही शहाण्यासारखं उत्तर देईल असा करून दिला, दुसरं करते काय! तो माणूस पुढे दर दिवाळीला शुभेच्छा पाठवायचा आणि खाली हमखास एखादा नवीन प्रश्न असायचा.

दुसरा किस्सा आमच्या ऑफिसातलाच. मजकूर इथून तिथे हलवण्याचा आयता शब्द आमच्यातल्या एका नव्या मुलीने लिहिला. साधा सरळ: एक उचल, एक ठेव, पुन्हा उचल, पुन्हा ठेव. पण आमचा कंपायलर पडला अतिशहाणा. त्याने ते वाचलं आणि मनाशी म्हणाला, अरे, ही तर मजकूर हलवण्याची भानगड, याच्यासाठी आपल्याकडे आयता शब्द आहे की! आणि तिचं सगळं लिखाण खोडून त्याजागी तोच आयता शब्द ठेवून दिला. म्हणजे मजकूर हलवायचा कसा, तर मजकूर हलवून. मशीन स्वतःलाच हाका मारत सुटलं आणि दमून कोसळलं. ती बिचारी रडकुंडीला आली होती, आणि आम्ही सगळे हसून हसून बेजार. ही चूक या धंद्यातले सगळेच एकदा करतात, आणि दुसऱ्याने केली की हसतात.

पण सांगायची आहे ती गोष्ट भानूची.

भानू माझी शाळेतली मैत्रीण, गुजरातेच्या हद्दीला लागून असलेल्या झाई या मासेमारीच्या गावची. मी वाडीवाल्यांची, ती होडीवाल्यांची. मी अभ्यासात हुशार आणि ती बाकी सगळ्यात. नवरा गेल्यावर तिने किनाऱ्यावरचा लिलाव पुकारायचं काम हातात घेतलं. होड्या लागल्या की टोपल्या वाळूत मांडायच्या आणि भानूने मध्ये उभं राहून बोली पुकारायची. पुढून, मागून, बाजूने व्यापारी ओरडतात, बरेचसे गुजरातेतून आलेले, त्यात इंजिनांची फटफट, बर्फाच्या गाड्या, कावळे, कुत्री, आणि आपल्या टोपलीला भाव कमी आला म्हणून भांडणाऱ्या बाया. या सगळ्यातून कोण काय बोलला ते भानू अचूक पकडायची. घरात सून होती, मुलगा होता, पण भानू खरी जगायची ती त्या वाळूवर.

आणि तिचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. मागून आलेली बोली सुटायला लागली. एकदा मागच्याची चढी बोली तशीच राहिली आणि तिने टोपली पुढच्याला दिली, मोठी रणधुमाळी झाली. होडीवाले तिच्या तोंडावर काही बोलत नसत, पण तिच्या दिराच्या सुनेला लिलावाजवळ उभं करायला लागले होते. भानूने ते ओळखलं. माझ्याकडे आली तेव्हा ओटीवर बसून म्हणाली, "शालू, मला घरी बसवतील गं. घरी बसून मी करू काय, सुनेच्या भाजीला नावं ठेवू?"

मी म्हटलं, कानाचं मशीन घे. आणि शहाणपणाने कुठलं घ्यायचं तेही सांगितलं, कारण त्या मशीनमध्ये आमच्या कंपनीची चिप होती. तिच्यासाठी कंपायलर आमचाच. आवाजाच्या बेरजा करायचा तिच्यातला आयता शब्द तर मी स्वतः घडवलेला. "बिनधास्त घे," म्हटलं, "आतलं सगळं मला माहीत आहे." भानूने घेतलं. आठवड्याने परत आली आणि मशीन माझ्या हातावर आपटलं.

"हे तुझं आतलं सगळं तुझ्याजवळच ठेव."

"का गं? ऐकू येत नाही?"

"येतं ना! घरात छान येतं. सून फोनवर आईला काय काय सांगते तेही येतं. पण लिलाव सुरू झाला की कानात कुणीतरी पत्रा फाडतं. डोकं उठतं माझं! बोली राहिली बाजूला, मी कान धरून उभी. लोक काय हसले!"

दुकानदार म्हणाला होता, सवय होईल. भानू म्हणाली, "पत्र्याची सवय तू करून घे, मला नको." मी तिला समजावलं, बॅटरी बघितली, आवाज कमी-जास्त करून पाहिला, आणि शेवटी ज्या प्रश्नावरून मी जन्मभर इतरांना हसले तोच विचारला: "तू काही वेडंवाकडं बटण दाबलंस का?" त्यावर ती जे बोलली ते दिवाळी अंकात छापता यायचं नाही.

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. थोड्याच दिवसांत पावसाळ्यापुरती मासेमारी बंद होणार होती. होडीवाल्यांनी बैठक घेऊन ठरवलं की नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला लिलाव भानूबायनेच पुकारावा. तिला झेपला तर हंगाम तिचा, नाहीतर दिराच्या सुनेचा. बोलले अगदी प्रेमाने. "भानूबाय, आता आराम करायला हरकत नाय," असंही कोणीतरी म्हणालं, आणि भानू घरी जाऊन जेवली नाही.

बंदीआधीच्या एका शेवटच्या लिलावाला मी झाईला गेले. फोनवर तो सगळा कल्लोळ रेकॉर्ड करून आणला. कानाचं मशीन बनवणाऱ्या छोट्या कंपनीने त्यांचा आवाजाचा प्रोग्राम आमच्याकडे तपासायला दिलेला होताच. तो मी आमच्या जुन्या कंपायलरमधून काढला, नव्यातून काढला, आणि दोन्हींतून आधी शांत खोलीतलं बोलणं सोडलं. दोन्ही सारखे. मग झाईचा लिलाव सोडला. जुन्यातून भानू, व्यापारी, कावळे सगळे नीट. नव्यातून पत्रा! मी हेडफोन काढून फेकला. भानूला जे रोज होत होतं ते मला पहिल्यांदा कळलं, आणि तिला बटणाबद्दल विचारल्याची मला मनापासून लाज वाटली.

आता बेरजेचं सांगते. चिपमधला आकडा ठरावीक जागेत मावतो. जागा भरली आणि वर एक मिळवला, की साधी बेरीज सगळ्यात मोठ्या आकड्यावरून धाडकन सगळ्यात लहान आकड्यावर जाते. हिशेबात ते चालवून घेता येतं, आवाजात नाही. म्हणून आवाजासाठी वेगळी बेरीज असते: भरलं की भरलेलंच राहायचं, जास्तीचं वाहून जाऊ द्यायचं. न्हाणीघरातल्या पिंपासारखं. पण पिंपाची एक गंमत आहे. भरलेल्या पिंपातून आधी एक बादली काढली आणि मग एक ओतली, तर पिंप भरलेलंच राहतं. आधी ओतली आणि मग काढली, तर ओतलेली वाहून जाते आणि पिंपात एक बादली कमी पडते. शाळेतल्या बेरजेत पुढे-मागे केलं तरी उत्तर तेच येतं. पिंपात येत नाही.

आमच्याकडे मुकुंद नावाचा एक तरुण होता, गणितात सुवर्णपदक मिळवलेला, स्वभावाने सोनं आणि आत्मविश्वासाने त्याहून जड. प्रत्येक आयत्या शब्दाला आम्ही कंपायलरसाठी काही खुणा चिकटवतो: हा शब्द कुठे काही सांडत नाही, याचा क्रम बदललेला चालतो, वगैरे. नवा कंपायलर बनत होता तेव्हा मी दुसऱ्या चिपवर होते. मुकुंदने माझ्या त्या पिंपाच्या बेरजेला "कसेही गट पाडा, चालेल" अशी खूण लावून टाकली. मग कंपायलरला एक पायरी वाचवायची आयती संधी मिळाली. प्रोग्राम लिहिणाऱ्याने विचार करून आधी काढून मग ओतलं होतं, कंपायलर आधी ओतायचा. शांत खोलीत पिंप कधी भरतच नाही, म्हणून तिथे काही बिघडत नव्हतं. गोंगाटात ते दर क्षणी भरलेलं, दर क्षणी थोडं वाहून जायचं, आणि ती कमी पडलेली बेरीज पुढच्या बेरजेत जायची. त्याचा झाला पत्रा. पायरी वाचली म्हणून केक मात्र कापून झाला होता.

मी मुकुंदला फोन केला.

"मॅडम, बेरजेचा क्रम बदलला तर उत्तर बदलत नाही. हे गणित आहे."

"मुकुंद, तुझ्या घरी पिंप आहे का?"

"आमच्याकडे टाकी आहे, मॅडम. आपोआप भरते."

"म्हणूनच!" म्हटलं.

त्याला पटायला वेळ लागला नाही, पोरगा हुशारच. कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि चूक कबूल केली. पटलं नाही ते वरच्यांना. त्यांचं म्हणणं, तक्रार एकीची आहे, दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत घेऊ, म्हणजे दिवाळीनंतर. एक साहेब तर म्हणाले, "इतक्या आवाजात माणसं बोलतच नाहीत, ही अपवादात्मक परिस्थिती आहे." आमच्या चाचणीचा आवाज काय होता माहीत आहे? बंद खोलीत एक सद्गृहस्थ संथपणे बातम्या वाचतात. मी विचारलं, "साहेब, आपल्या देशात ही खोली कुठे आहे? मला राहायला जायचंय."

मग पुढच्या व्हिडिओ मीटिंगला मी बोललेच नाही. नव्या कंपायलरमधून काढलेला झाईचा लिलाव लावला, आणि आवाज, मुद्दाम सांगते, जराही वाढवला नाही. पडद्यावरच्या सगळ्या चौकटींमधल्या लोकांनी एकदम कान धरले. कुणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला. साहेब ओरडले, "बंद करा ते!"

"मी बंद करू शकते," म्हटलं. "ती बाई नाही करू शकत. तिचं पोट त्या गोंगाटावर आहे. नारळी पौर्णिमेनंतर तिने नीट ऐकलं नाही तर तिला घरी बसवणार आहेत."

मग मुकुंदच म्हणाला, "सर, खूण काढायला एक ओळ खोडायची आहे. तपासणी मी शनिवार-रविवार बसून करतो." त्या दिवशी मला तो पोटच्या पोरासारखा वाटला. हे मी त्याला सांगितलं नाही, आधीच आत्मविश्वास कमी नव्हता त्याला.

एक ओळ खोडली गेली. पण ओळ खोडणं म्हणजे भानूच्या कानात पोचणं नव्हे. कानाच्या मशीनवाल्यांनी प्रोग्राम पुन्हा बनवायचा, तपासायचा, मग फोनवरून मशीनमध्ये घालायचा. जून गेला, जुलै गेला. मी त्यांना इतके फोन केले की तिथली मुलगी माझा आवाज ऐकताच म्हणायची, "झाईवाल्या मॅडम ना?" इकडे भानू रोज विचारायची, "झालं का गं तुझं पिंप?" आणि मी रोज म्हणायची, "होतंय." तिच्या दिराच्या सुनेने नारळी पौर्णिमेसाठी नवी पातळं घेतल्याची बातमीही भानूनेच आणली. हसत सांगितली, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला तिच्यासमोर उभं राहायची फार भीती वाटली. इतक्या वर्षांत माझ्या बेरजा ज्यांच्या कानात, गाडीत, घरात चालतात असं एकही माणूस मला भेटलं नव्हतं. आणि भेटलं ते नेमकं हे.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मशीनमध्ये नवा प्रोग्राम गेला. मी म्हटलं, बाजारात जाऊन एकदा पारखून बघ. भानू म्हणाली, "नको. आता जे काय व्हायचं ते वाळूवर."

पहिल्या लिलावाला मी वहिनीला घेऊन झाईला गेले. वहिनीला मासे हवे होते, मला धीर. होड्या लागल्या होत्या, इंजिनं फटफटत होती, बर्फाच्या गाड्या मागे-पुढे करत होत्या. होडीवाले हाताची घडी घालून उभे. दिराची सून नव्या पातळात अगदी जवळ. भानू मध्ये, आमच्याकडे पाठ करून. मी मुद्दाम सगळ्यात मागे, गर्दीच्या पलीकडे उभी राहिले, कारण ती माझ्याकडे बघून आशेने हसली असती तर ते सोसायची माझी छाती नव्हती.

पहिली टोपली पापलेटची. भानूने आरोळी दिली. समोरून बोली आली, बाजूने आली. "भानूबेन, सांभळो छो?" ऐकू येतंय ना, असं कोणीतरी गुजरातेतला व्यापारी खवचटपणे ओरडला, आणि चारजण हसले. भानूने सरळ बोली पुढे नेली. टोपली गेली. ती नीट ऐकून दिली की अंदाजाने, ते मला मागून कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी वहिनीच्या कानाशी लागून हळूच म्हटलं, "भानूने साडी बघा कसली नेसलीय. हा पोपटी रंग तिला मेलीला शोभतो का?"

दुसऱ्या टोपलीची बोली अर्ध्यात होती. भानू थांबली. वळली नाही, नुसता हात वर केला आणि सगळ्या इंजिनांच्या वर आवाज काढून गरजली, "ए शालू! माझ्या साडीचं नंतर बघू, आधी बोली ऐकू दे! आणि मागचा तो टोपीवाला, चढा बोललास ना आत्ता? मग तोंडात काय बोलतोस, मोठ्याने बोल!"

किनाऱ्यावर एकच हशा उसळला. टोपीवाला ओशाळून पुन्हा बोलला. एका होडीवाल्याने हाताची घडी सोडली आणि दुसऱ्याला कोपराने ढोसलं. दिराच्या सुनेने पदर खोचला आणि टोपल्या पुढे सरकवायला लागली. भानूची आरोळी पुन्हा सुरू झाली, आणि मला समोरचं काही दिसेना, डोळे असे भरून आले.

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, साडीवरून बोलली म्हणून रडतेस?"

"हो," म्हटलं, "साडीवरूनच."